‘पिणाऱ्यांना गुण कमी पडतात’ असा निष्कर्ष या डेटातून निघतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी कॅगल या डेटासेट पुरवणाऱ्या संकेतस्थळावरचा ‘स्टुडंट अल्कोहोल कन्झम्प्शन’ हा डेटासेट निवडला. गणित आणि पोर्तुगीज भाषा या विषयांच्या दोन फायली तिने एकाखाली एक जोडून १,०४४ ओळींचा तक्ता तयार केला. शाळेच्या दिवसांतील मद्यपान आणि शनिवार-रविवारचे मद्यपान या दोन रकान्यांची सरासरी काढली, ती २ पेक्षा जास्त असलेल्यांना ‘जास्त पिणारे’ असे नाव दिले, आणि त्यांचे अंतिम गुण कमी दिसल्यावर ‘मद्यपानामुळे गुण घटतात’ असा निष्कर्ष लिहिला. मार्गदर्शकांनी त्यावर ‘हा निष्कर्ष या डेटातून निघत नाही’ एवढाच शेरा दिला. आपले नेमके कुठे चुकले आणि असा डेटा वाचायला शिकायचे कसे, असे तिचे विचारणे आहे.

आरोग्यविषयक सर्वेक्षणांच्या विश्लेषणात मी वीसहून अधिक वर्षे काम करत आलो आहे आणि हाच डेटासेट वर्गात अनेकदा शिकवलाही आहे, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देतो. तुमच्या गणिती क्रियांमध्ये चूक नाही. सरासरी बरोबर आहे, टी-टेस्टही (दोन गटांच्या सरासरींतील फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, ते तपासणारी चाचणी) बरोबर चालवलेली दिसते. चूक पहिली आज्ञा टाइप करण्याच्या आधीची आहे: हा तक्ता कोणी, कुणाला, काय विचारून आणि कशासाठी गोळा केला, हे पाहण्याचे राहून गेले.

हा डेटा मुळात मद्यपानाच्या अभ्यासासाठी गोळा केलेलाच नाही. पाउलो कोर्तेझ आणि ॲलिस सिल्वा या पोर्तुगीज संशोधकांनी २००५-०६ या शैक्षणिक वर्षात पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातील दोन सरकारी माध्यमिक शाळांमधून तो घेतला आणि २००८ साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याच्या अंतिम गुणांचे भाकीत आधीच करता येईल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी आईवडिलांचे शिक्षण, घरापासून शाळेपर्यंतचा वेळ, मित्रांबरोबर बाहेर जाणे, तब्येत अशा कितीतरी गोष्टी विचारल्या गेल्या आणि त्या गर्दीत मद्यपानाचे दोन प्रश्न होते. कॅगलवर येताना या संचाला जे नाव मिळाले, त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याचा समज असा होतो की हे मद्यपानाचे सर्वेक्षण आहे. वयेही पाहा. मुले १५ ते २२ वर्षांची आहेत, आणि पोर्तुगालमध्ये तेव्हा मद्य विकत घेण्याचे किमान वय १६ होते. ते सर्व पेयांसाठी १८ झाले २०१५ मध्ये. म्हणजे यातील बहुसंख्य मुलांसाठी बिअर किंवा वाइन घेणे ही कायद्याने परवानगी असलेली गोष्ट होती. ‘अल्पवयीन मुलांचे बेकायदा मद्यपान’ असा तुमच्या प्रस्तावनेतील शब्दप्रयोग त्यामुळे मुळातच गैरलागू ठरतो.

आता त्या दोन रकान्यांकडे येऊ. ‘डॅल्क’ म्हणजे शाळेच्या दिवसांतील मद्यपान आणि ‘वॉल्क’ म्हणजे आठवड्याच्या शेवटचे मद्यपान. दोन्हींत १ ते ५ असे आकडे आहेत. १ म्हणजे ‘फार कमी’ आणि ५ म्हणजे ‘फार जास्त’. किती मिलिलिटर, किती ग्लास, महिन्यातून किती वेळा, यांपैकी काहीही विचारलेले नाही. जो मुलगा आयुष्यात कधीच प्यायलेला नाही, त्याने कुठे खूण करायची? शून्य हा पर्यायच नाही, त्यामुळे त्याने १ वर खूण केली असणार. आणि रविवारी जेवणाच्या वेळी आजोबांबरोबर अर्धा ग्लास वाइन घेणाऱ्या मुलानेही १ वरच. गणिताच्या फायलीत ३९५ मुलांपैकी २७६ जणांचा डॅल्क १ आहे, म्हणजे जवळजवळ ७० टक्के. हे ७० टक्के ‘न पिणारे’ आहेत असे म्हणता येत नाही आणि ‘थोडे पिणारे’ आहेत असेही म्हणता येत नाही. ते स्वतःला फार कमी पिणारे समजतात, इतकेच आपल्याला ठाऊक आहे. शनिवार-रविवारी १ लिहिणारे १५१ उरतात आणि ४ किंवा ५ लिहिणारे ७९, म्हणजे २० टक्के होतात, तर शाळेच्या दिवसांत ४ किंवा ५ लिहिणारे फक्त १८ आहेत. आठवडाभर आणि आठवड्याच्या शेवटी मुले वेगळी वागतात, ही या दोन रकान्यांतील सर्वांत ठळक आणि सर्वांत विश्वासार्ह माहिती आहे. ती तुम्ही सरासरी काढून पुसून टाकलीत.

ते कसे, ते पाहा. एका मुलाचा डॅल्क १ आणि वॉल्क ५ आहे; दुसऱ्याचे दोन्ही आकडे ३ आहेत. तुमच्या तक्त्यात दोघांची सरासरी ३ आली आणि दोघे एकाच गटात बसले. पहिला आठवडाभर जवळजवळ कोरडा राहून शनिवारी रात्री मर्यादा सोडतो, दुसरा रोज मध्यम प्रमाणात घेतो. डॉक्टरच्या, पालकांच्या किंवा शिक्षकांच्या दृष्टीने ही दोन पूर्णपणे निराळी मुले आहेत. शिवाय १ ते ५ ही क्रमवारी आहे, मोजमाप नव्हे. १ आणि २ यांमधील अंतर ४ आणि ५ यांमधील अंतराइतकेच आहे, असे मानायला काहीही आधार नाही. शाळेचे दिवस पाच आणि सुट्टीचे दोन असताना दोन आकड्यांना समान वजन देणे हाही एक निर्णयच आहे आणि तो तुम्ही न सांगता घेतला. ‘२ पेक्षा जास्त’ ही सीमारेषा तर मी कित्येक प्रकल्पांत पाहिली आहे. ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उचलली जाते, पण ती का, हे कुणी लिहीत नाही. एक आणि चार लिहिणारा त्या रेषेमुळे ‘जास्त पिणारा’ होतो आणि दोन-दोन लिहिणारा होत नाही. सीमारेषा ठरवायला हरकत नाही, पण ती एक पायरी वर आणि एक पायरी खाली सरकवून निष्कर्ष टिकतो का, हे दाखवल्याशिवाय तिच्यावर काही उभारू नये.

‘जास्त’ या शब्दाला प्रमाण नसले की काय होते, याचा अनुभव मला एका सर्वेक्षणाच्या पूर्वचाचणीत आला. वसतिगृहातील मुलांना प्रश्नावली देऊन आम्ही बाजूला बसलो होतो. प्रश्न साधा होता: ‘गेल्या ३० दिवसांत तुम्ही दारू घेतली का?’ एका मुलाने हात वर करून अगदी प्रामाणिकपणे विचारले, “सर, बिअर धरायची का दारूत?” त्याच्या शेजारच्या दोघांनी तोवर ‘नाही’वर खूण केलेली होती, हा प्रश्न ऐकून त्यांनी खोडून ‘हो’ केले. त्या दिवशी प्रश्नातील ‘दारू’ हा एकच शब्द काढून आम्ही बिअर, वाइन, व्हिस्की, रम, देशी, ताडी अशी नावे लिहिली. पुढे आलेल्या आकड्यांत जी वाढ दिसली असती, ती पिण्यातील वाढ नसून शब्दातील दुरुस्तीची असती. दोन वर्षांच्या किंवा दोन देशांच्या आकड्यांची तुलना करण्याआधी दोन्हीकडचा प्रश्न शब्दशः शेजारी ठेवून वाचावा, असे मी जे सांगतो ते यासाठी.

व्यवस्थित मोजलेला डेटा कसा दिसतो, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतील हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाचे महाविद्यालयीन मद्यपान सर्वेक्षण अभ्यासावे. हेन्री वेक्सलर यांच्या नेतृत्वाखाली ते १९९३, १९९७, १९९९ आणि २००१ असे चार वेळा झाले. पहिल्या फेरीत १४० महाविद्यालयांतील १७,५९२ विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. त्यांनी ‘जास्त’ असा शब्द मुलांच्या मर्जीवर सोडला नाही: गेल्या दोन आठवड्यांत एका बैठकीत मुलाने पाच किंवा अधिक, मुलीने चार किंवा अधिक ड्रिंक घेतली असतील तर त्याला अतिपान म्हणायचे, अशी व्याख्या केली. ड्रिंक म्हणजे किती, हेही सांगितले. अमेरिकेत एका प्रमाणित ड्रिंकमध्ये १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात, ब्रिटनमधील एका युनिटमध्ये ८ ग्रॅम, ऑस्ट्रेलियात १० ग्रॅम आणि जपानमध्ये तर जवळजवळ २० ग्रॅम. त्यामुळे ‘पाच ड्रिंक’ हे शब्द देश बदलताच वेगळे प्रमाण सांगू लागतात, आणि दोन देशांच्या टक्केवारीची तुलना करणाऱ्याने आधी ग्रॅममध्ये उतरावे लागते.

हेच आपल्याकडे करून पाहू, कारण पुढे तुम्हाला स्वतःचे सर्वेक्षण करायचे आहे असे तुम्ही लिहिले आहे. व्हिस्की किंवा रमच्या बाटलीवर सहसा ४२.८ टक्के अल्कोहोल छापलेले असते. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये त्या हिशेबाने ७७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल येते, आणि अल्कोहोलची घनता ०.७८९ असल्याने त्याचे वजन जवळजवळ ६१ ग्रॅम भरते. ३० मिलिलिटरचा एक स्मॉल पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम. ८ टक्के अल्कोहोल असलेल्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीतील ६० ग्रॅम किंवा अधिक सेवनाला जड मद्यपान मानते. म्हणजे ज्याला मुले ‘एक क्वार्टर घेतली’ असे सहज म्हणतात, ती एकट्याने एका बैठकीत संपवली तर ती मर्यादा तिथेच ओलांडली जाते. अशा मुलाला १ ते ५ मध्ये स्वतःला बसवायला सांगितले तर तो कदाचित २ लिहील, कारण त्याच्या खोलीत त्याच्यापेक्षा जास्त घेणारे दोघे असतात. आपण आपल्या शेजाऱ्याकडे पाहून स्वतःला मोजतो. वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोविट्झ यांनी १९८६ मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांत याचीच दुसरी बाजू दाखवली: मद्यपानाबाबत इतर विद्यार्थी आहेत त्यापेक्षा अधिक मोकळ्या विचारांचे आहेत, असा विद्यार्थ्यांचा समज होता.

पोर्तुगीज डेटात याहून मोठी एक अडचण आहे, आणि ती फायलीत कुठेही दिसत नाही. मूळ निबंध वाचला तरच कळते. प्रश्नावली एका पानाची होती आणि ७८८ विद्यार्थ्यांनी ती वर्गात बसून भरली. गुण शाळेच्या नोंदींतून घ्यायचे असल्याने प्रत्येक कागदावर विद्यार्थ्याची ओळख पटणे गरजेचे होते, आणि तशी ओळख न पटलेले १११ कागद बाद केले गेले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने, स्वतःच्याच शाळेत, वर्गमित्रांच्या शेजारी बसून, ओळख देऊन ‘मी शाळेच्या दिवशी फार पितो’ असे लिहावे, अशी अपेक्षा इथे आहे. काही मुले कमी लिहितील, काही फुशारकीने जास्त लिहितील. आणि ज्यांनी ओळख लिहिली नाही ती मुले कोण होती, हे आता कधीच कळणार नाही. त्यांत जास्त पिणाऱ्यांचे प्रमाण अधिक असण्याची शक्यता मला वाटते, पण तो माझा अंदाज आहे. युरोपात १५-१६ वर्षांच्या मुलांचे ‘एस्पॅड’ हे सर्वेक्षण १९९५ पासून दर चार वर्षांनी होते, त्यात निनावी उत्तरे घेतात आणि ‘रेलेव्हिन’ नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या मादक पदार्थाबद्दलही विचारतात. तो घेतला आहे म्हणणारी मुले किती, यावरून बढाईखोर उत्तरांचा अंदाज येतो. तुमच्या सर्वेक्षणात असा एक खोटा पदार्थ अवश्य घाला.

आता तुमच्या १,०४४ ओळींकडे. गणिताच्या फायलीत ३९५ आणि पोर्तुगीजच्या फायलीत ६४९ ओळी आहेत, पण संशोधकांनीच सांगितल्याप्रमाणे ३८२ विद्यार्थी दोन्हीकडे आहेत. म्हणजे प्रत्यक्ष मुले सुमारे ६६२. निम्म्याहून अधिक मुले तुमच्या तक्त्यात दोनदा आली आहेत, आणि टी-टेस्ट त्यांना वेगवेगळी माणसे समजून तुम्हाला खऱ्यापेक्षा लहान पी-व्हॅल्यू देते आहे, म्हणजे फरक आहे त्याहून भक्कम भासवते आहे. तो ३८२ चा आकडाही काटेकोर नाही, कारण फायलीत विद्यार्थी क्रमांक नसल्याने जुळणी शाळा, वय, लिंग, आईवडिलांचे शिक्षण आणि व्यवसाय अशा समान तपशिलांवरून करावी लागते. दोन फायली वेगळ्या ठेवून वाचणे हा सोपा आणि सुरक्षित मार्ग आहे.

तसे वाचले की एक विलक्षण गोष्ट दिसते, आणि माझ्या मते या डेटासेटचे खरे शिक्षण इथेच आहे. पोर्तुगीजच्या फायलीत डॅल्क आणि अंतिम गुण यांतील सहसंबंध (दोन गोष्टी बरोबरीने किती बदलतात, याचे -१ ते १ मधील माप) सुमारे -०.२० आहे, गणिताच्या फायलीत तो -०.०५ च्या आसपास, म्हणजे नसल्यातच जमा. मुले बहुतांशी तीच, शाळा त्याच, मद्यपानाचा प्रश्नही तोच. मद्यपानाने बुद्धी मंदावत असेल तर ती फक्त भाषेच्या तासाला कशी मंदावेल?

पहिला धागा लिंगाचा आहे. दोन्ही फायलींत मुले मुलींपेक्षा जास्त मद्यपान नोंदवतात. पोर्तुगीज विषयात २० पैकी मुलींची सरासरी १२.२५ आणि मुलांची ११.४१ आहे; गणितात उलट, मुलांची १०.९१ आणि मुलींची ९.९७. म्हणजे भाषेच्या विषयात ‘जास्त पिणारे’ हा गट मुलांनी भरलेला असल्यामुळेच त्याचे गुण काही अंशी कमी दिसतात, तर गणितात त्याच कारणाने ते वर उचलले जातात. हाच सरमिसळ करणारा घटक, ज्याला आपण कन्फाउंडर म्हणतो: तो एकीकडे पिण्याशी आणि दुसरीकडे गुणांशी जोडलेला असतो आणि मधल्या नात्याला हवा तसा रंग देतो. मुले आणि मुली वेगळ्या करून दोन आलेख काढा. त्यानेच निम्मा उलगडा होईल. शाळाही पाहा. पोर्तुगीज विषयात एका शाळेची सरासरी १२.५८ आहे आणि दुसरीची १०.६५, गणिताच्या फायलीत मात्र दुसऱ्या शाळेची फक्त ४६ मुले आहेत. दोन फायलींतील नमुना वेगळ्या प्रमाणात मिसळलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

दुसरा धागा शून्यांचा आहे. गणिताच्या अंतिम गुणांचा स्तंभालेख काढला की डाव्या टोकाला ३८ मुलांचा एक उंच खांब दिसतो: त्यांना २० पैकी ० गुण आहेत. त्यानंतर १, २, ३ गुणांवर एकही मूल नाही, ४ वर एक, ५ वर सात, आणि मग सलग रांग सुरू होते. खरोखर नापास होणारी मुले अशी दिसत नाहीत. काहीजणांना एक-दोन गुण तरी मिळतात. त्या ३८ ओळी उघडून पाहा. पहिल्या सत्रात त्यांपैकी कुणालाही शून्य नाही. आणि अनुपस्थितीच्या रकान्यात सगळ्यांचेच शून्य आहे. एकही दिवस न चुकवता शाळेत येणारी ३८ मुले शेवटी शून्य गुण मिळवतात, यापेक्षा ती मुले मध्येच शाळा किंवा विषय सोडून गेली, परीक्षेला बसली नाहीत आणि त्यांची हजेरी नोंदवली गेली नाही, हे स्पष्टीकरण मला कितीतरी जास्त पटते. गुणांची सरासरी यांना धरून १०.४२ येते आणि वगळून ११.५२. जवळजवळ दहा टक्के ओळींत ‘गुण’ या शब्दाचा अर्थच वेगळा असेल, तर सहसंबंध काढण्याआधी त्याचा निर्णय व्हायला हवा. त्यांना गुपचूप वगळू नका. दोन्ही रीतींनी विश्लेषण करा आणि दोन्ही उत्तरे छापा.

सहसंबंधाच्या आकाराबद्दल थोडेसेच. -०.२० चा वर्ग ०.०४, म्हणजे गुणांतील फरकापैकी चार टक्के डॅल्कबरोबर जातो, उरलेले शहाण्णव टक्के इतर गोष्टींबरोबर. गणितात अनिश्चितता धरली तर सहसंबंध -०.१५ पासून ०.०४ पर्यंत कुठेही असू शकतो. ‘नाते नाही’ असे सिद्ध झालेले नाही, ‘असल्यास लहान आहे’ एवढेच म्हणता येते. दुसऱ्या सत्राचे गुण आणि अंतिम गुण यांतील सहसंबंध मात्र ०.९० आहे. पण त्याने गुण का पडले हे समजत नाही, फक्त किती पडतील हे कळते. तुम्ही तुमच्या मॉडेलमध्ये पहिल्या दोन सत्रांचे गुण घातलेत आणि मग डॅल्कचा परिणाम नाहीसा झाला म्हणून गोंधळलात. ते स्वाभाविक आहे, कारण मद्यपानाचा काही परिणाम झालाच असेल तर तो आधीच्या दोन सत्रांच्या गुणांतही शिरलेला असणार.

हाच विचार अभ्यासाच्या तासांबाबत करायचा आहे आणि इथे घाई करू नये. जास्त पिणारी मुले कमी अभ्यास करतात आणि जास्त बाहेर जातात. गणिताच्या फायलीत बाहेर जाणे आणि वॉल्क यांचा सहसंबंध ०.४२ आहे. आता अभ्यासाचा वेळ मॉडेलमध्ये घालायचा की नाही? शनिवारच्या पिण्यामुळे रविवार वाया जातो आणि म्हणून अभ्यास घटतो, असे तुम्हाला वाटत असेल तर अभ्यासाचा वेळ ही मधली पायरी आहे. ती स्थिर धरली तर जो परिणाम मोजायचा तोच तुम्ही कापून टाकता. याउलट अभ्यासात रस नसल्यामुळे मूल मित्रांत रमते आणि तिथे पिऊ लागते, असे असेल तर तो वेळ कन्फाउंडर आहे आणि तो घालायलाच हवा. कोणते खरे, हे हा डेटा सांगू शकत नाही, कारण सगळे प्रश्न एकदाच विचारलेले आहेत. आधी नापास झालेली मुले निराशेने पिऊ लागली, हा तिसरा रस्ताही मोकळाच राहतो. म्हणून ‘मुळे’ हा प्रत्यय तुमच्या निष्कर्षातून काढावा लागेल. मार्गदर्शकांच्या शेऱ्याचा अर्थ माझ्या समजुतीप्रमाणे हाच आहे.

टक्केवारी वाचण्याचीही सवय हवी. वेक्सलर यांच्या १९९३ च्या आकड्यांत ४४ टक्के विद्यार्थी अतिपान करणारे निघाले. हे सर्व विद्यार्थ्यांपैकी ४४ आहेत. त्या वर्षी प्यायलेले ८४ टक्के होते, म्हणून फक्त पिणाऱ्यांत हेच प्रमाण ५२ टक्के होते. छेद बदलला की बातमीचा मथळा बदलतो. २००१ मध्ये पुन्हा ४४ टक्केच आले, आणि आठ वर्षांत काहीच घडले नाही असे वाटले असते. पण त्याच काळात न पिणारे सुमारे १६ वरून १९ टक्क्यांवर गेले आणि वारंवार अतिपान करणारे सुमारे २० वरून २३ टक्क्यांवर. दोन्ही टोके वाढली, मधला भाग आटला, आणि एकच एक टक्केवारी या हालचाली झाकून बसली. त्याच अभ्यासाच्या आणखी एका विश्लेषणात सर्व विद्यार्थ्यांचा आठवड्याचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) फक्त दीड ड्रिंक होता, तर वारंवार अतिपान करणाऱ्यांचा साडेचौदा. विद्यार्थ्यांनी प्यायलेल्या एकूण मद्यापैकी ६८ टक्के या एका गटानेच संपवले होते. मद्यपानाचे वितरण सगळीकडे साधारण असेच एका बाजूला लांब शेपूट असलेले असते. ‘सरासरी विद्यार्थी आठवड्याला इतके पितो’ या वाक्यातला विद्यार्थी बहुधा कुठल्याच वर्गात बसलेला नसतो.

तुमच्या महाविद्यालयातील सर्वेक्षणाबद्दल. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे, तर गोव्यात १८. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलाला पणजीत विचारलेला प्रश्न हा सवयीबद्दलचा प्रश्न असतो आणि पुण्यात विचारलेला तोच प्रश्न कबुलीजबाब ठरतो. दोन्हीकडच्या ‘हो’ची संख्या शेजारी ठेवून तुलना करू नका. गुगल फॉर्मवर ईमेल गोळा करण्याची सोय बंद ठेवा. वर्गशिक्षकांनी व्हॉट्सॲप गटावर पाठवलेली लिंक निनावी आहे यावर मुले विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे.

नाण्याची पद्धतही वापरून पाहण्यासारखी आहे. तिचे मूळ स्टॅन्ली वॉर्नर यांच्या १९६५ मधील कल्पनेत आहे. प्रत्येकाने कुणाला न दाखवता नाणे उडवायचे. छापा आला तर काहीही असो, ‘हो’ लिहायचे. काटा आला तर खरे उत्तर लिहायचे. २०० मुलांत १२० ‘हो’ आले, तर सुमारे १०० नाण्यामुळे आलेले धरा. उरलेल्या १०० जणांत २० खरे ‘हो’, म्हणजे अंदाजे २० टक्के. कुठल्या मुलाचे ‘हो’ खरे, हे कुणालाच कळत नाही. याची किंमत मोजावी लागते: थेट विचारले असते तर अनिश्चितता साडेपाच टक्के वर-खाली असती, इथे ती साडेतेरा-चौदा टक्के होते. तरीही मुले निर्धास्त होऊन खरे लिहीत असतील, तर थेट प्रश्नाच्या काटेकोर पण चुकीच्या आकड्यापेक्षा मी हा ढोबळ आकडा घेईन.

प्रकल्पातील निष्कर्षाचा परिच्छेद मी असा लिहिला असता: ‘पोर्तुगालमधील दोन शाळांत, २००५-०६ मध्ये, ओळख देऊन भरलेल्या प्रश्नावलीत ज्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या दिवसांतील आपले मद्यपान अधिक असल्याचे नोंदवले, त्यांचे पोर्तुगीज विषयातील अंतिम गुण काहीसे कमी होते, गणितात असा फरक स्पष्टपणे आढळला नाही. मद्यपानाचे प्रमाण मोजलेले नसून ते विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या समजुतीवर आधारलेले आहे. लिंग आणि शाळा यांचा या फरकात वाटा आहे. अंतिम गुण शून्य असलेल्या ओळी धरून आणि वगळून मिळालेली उत्तरे सोबत दिली आहेत.’ याच्या खाली दोन तक्ते द्या, एक गणिताचा आणि एक पोर्तुगीजचा, प्रत्येकात मुले आणि मुली वेगळ्या. १,०४४ ओळींचा जुना तक्ता परिशिष्टात ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या शीर्षकात ‘यात सुमारे ३८२ विद्यार्थी दोनदा मोजले गेले आहेत’ असे लिहा.